जामीन झाला, जामीनदार कुठून आणायचा?

कुठेही घृणास्पद गुन्हा घडला की पहिली मागणी फाशीची होते आणि मागोमाग प्रश्न येतो : ‘यांना आत फुकट कशाला पोसायचं?’ तो राग मला परका नाही. लेकीबाळींवरच्या अत्याचाराच्या बातम्या वाचून माझंही रक्त उसळतं. पण ‘यांना’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर जो माणूस असतो, तसे तुरुंगात किती आहेत, हे एकदा बघायला हवं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता होती ४,३६,२६६. शिक्षा झालेल्या एकालाही आत ठेवलं नसतं, तरी तुरुंग जवळजवळ भरलेलेच राहिले असते.

यातल्या अनेकांवर खुनाचे, बलात्काराचे आरोप आहेत आणि न्यायालयाने विचार करूनच त्यांचा जामीन नाकारला आहे. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही. जामीन मंजूर होऊनही जे आतच राहतात, त्यांच्याबद्दल आहे.

एका दंडाधिकारी न्यायालयाच्या व्हरांड्यात अशा एका कैद्याची बायको भेटली. नवरा बिगारी, मोबाइलचोरीच्या गुन्ह्यात आत. जामीन होऊन दीड महिना लोटला होता. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो. वकील समजुतीने सांगत होते, ‘‘ताई, पंधरा हजारांचा जामीनदार लागतो. त्याचा ऐपतीचा दाखला पाहिजे, नाहीतर पगारपत्रक, नाहीतर घराची करपावती.’’ ती म्हणाली, ‘‘सायेब, आमी भाड्याच्या खोलीत ऱ्हातो. गावाकडं दोन एकर कोरडवाहू हाय, ते बी सासऱ्याच्या नावावर. सातबारा काढाया गावाला गेले, तर हितं कामावर कोण जाईल? पोरं काय खातील?’’ तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराची सही, पुन्हा न्यायालयात पडताळणी. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते. न्यायालयाने या माणसाला सोडायला हरकत नाही असं म्हटलं होतं. त्याला आत ठेवलं होतं ते घर नावावर नसण्याने.

हे दुखणं जुनं आहे. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला जामीन द्या, असं खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. प्रकरण पुन्हा वर गेलं आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

पुढच्याच वर्षी या प्रश्नाला देशासमोर आणलं ते एका पोलीस अधिकाऱ्याने, हे मला फार मोलाचं वाटतं. के. एफ. रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले आणि तिथली परिस्थिती वर्तमानपत्रात लिहिली. दोषी ठरले असते तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ माणसं खटल्याविना आत होती. त्या लेखांवरून कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली. तोच हुसैनारा खातून खटला. खटला वेळेत चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे १९७९ मध्ये त्यातून ठरलं. पोलिसांची बाजू घेणं आणि कैद्याच्या हक्कासाठी बोलणं यात विरोध मानणाऱ्यांनी रुस्तमजी आठवावेत.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की आधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामीनदाराशिवाय बंधपत्रावर सोडावं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एका वर्षानंतर सुटका. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची. मात्र एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही, आणि ही अट मला अन्यायाची वाटते. दोन मोबाइलच्या दोन तक्रारी आल्या की गरीब माणूस या कलमातून बाहेर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असंही सांगितलं आहे, की महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं.

यात पीडितांचा काय फायदा, असं कुणी विचारेल. ज्या घरावर आघात झाला, त्या घराला निकाल हवा असतो, साक्षीदार हयात आणि आठवण शाबूत असताना. आरोपी वर्षानुवर्षं खटल्याविना आत राहिला तर त्या घरालाही निकाल मिळत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या वस्तीतलं, कामावरचं, ओळखीचं कुणी जामीन होऊनही पैशाअभावी आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वकील तिथे मोफत मिळतो. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत होते. अमली पदार्थ, दहशतवाद, भ्रष्टाचार यांसारखे गुन्हे त्यातून वगळले आहेत. कायदेशीर मदतीसाठी फोन १५१०० या क्रमांकावर करावा.