लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

माझ्या मुलीची एक मैत्रीण आहे. ख्रिस्ती घरातली, नोकरी करणारी, एका मुलाची आई. गेली तीन वर्षे तिच्या संसारात धुसफूस चालू आहे. मारहाण नाही, व्यसन नाही. पण दोघांत बोलणे उरलेले नाही. परवा आली आणि चहा निवेपर्यंत गप्पच बसून राहिली. मग म्हणाली, ''काकू, ज्याला विचारावं तो एकच सांगतो. प्रार्थना कर, सोसत राहा, सगळं नीट होईल.'' आमच्याकडे हाच सल्ला सोळा सोमवारांच्या रूपाने मिळतो, एवढाच काय तो फरक!

जाताना मी तिच्या हाती 'स्मृतिचित्रे' दिले. त्या पुस्तकाचा असा उपयोग करावा की नाही, यावर घरात मतभेद आहेत. 'लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागून गेल्या, त्यात आजच्या मुलीने काय घ्यायचे?' असे आमच्या यजमानांचे म्हणणे. बहुतेकांची समजूत तशीच असते. मला ती चुकीची वाटते.

लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या. नारायण वामन टिळक बुद्धिमान, कवी, तितकेच संतापी. हातात पैसा ठरत नसे, नोकरी टिकत नसे, आणि लहर लागली की न सांगता गावोगाव निघून जात. म्हणजे हा संसार ख्रिस्ती धर्मामुळे बिघडला नव्हता, तो आधीपासूनच ओढगस्तीचा होता. त्यात आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना 'नवा करार' वाचायला दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पदरात लहानगा दत्तू असलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. कडक सोवळ्यातल्या माहेरची ती मुलगी. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने दूर राहिला, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला न्यायालयात जाऊन लग्न मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने केलेली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. इतके बेभरवशाचे गृहस्थ, पण या बाबतीत ते थांबून राहिले. त्यांच्या नव्या श्रद्धेची खरी परीक्षा मला तरी व्याख्यानांपेक्षा या थांबण्यातच दिसते.

आणि लक्ष्मीबाई? त्या काही लगेच विरघळल्या नाहीत. रडल्या, आजारी पडल्या, दुःखात कविता रचू लागल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या त्याही आपले सोवळे सांभाळून. एका नवरा-बायकोचे दोन स्वयंपाक! टिळकांनी तेही चालवून घेतले. मग केव्हातरी त्या बाईने स्वतःशीच विचार केला, की ही जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली, असे मनाला पटले आणि सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. मधली पाच वर्षे गेली ती कोणी समजावण्यात नव्हे, तर त्यांचे त्यांना उमगण्यात. म्हणून त्या टिळकांच्या मागून गेल्या, हे मला मान्य नाही. जिथे टिळक पोचले होते तिथे त्या आपल्या वाटेने पोचल्या.

बरे, श्रद्धा मिळाल्यावर संसार गोडीगुलाबीचा झाला का? मुळीच नाही. टिळकांचा स्वभाव तोच, घरात पाहुण्यांचा राबता तोच, भांडणेही तीच. पण वाचताना जाणवते, की भांडणाऱ्या बाईच्या पायाखाली आता जमीन आहे. नवऱ्याचा राग म्हणजे जगबुडी, असे तिला वाटेनासे झाले आहे. तिला हसू येऊ लागले आहे, आणि आधी ती स्वतःलाच हसते. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, त्या घरात बालकवींसारख्या परक्या मुलालाही आईची माया मिळाली.

'सोस' म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते इथे. सोसणे लक्ष्मीबाईंना लहानपणापासून येतच होते, त्यासाठी नवा देव लागला नसता. श्रद्धेने त्यांना दिले ते स्वतःचे मत आणि ते बोलून दाखवण्याचे धैर्य. जिथे हात उगारला जातो तिथे तर सोसण्याचा उपदेश करणे मी पापच समजते. तिथे आधी त्या बाईला घराबाहेर काढावे, बाकीचे मग.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले होते. त्याचा उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई!

मुलीच्या मैत्रिणीचा काल फोन आला. पुस्तक अर्धे झाले म्हणाली. दोन स्वयंपाकांचा भाग तिने नवऱ्याला वाचून दाखवला. तो हसला म्हणे. मग म्हणाली, ''काकू, पुस्तक इतक्यात परत मागू नका.''