संध्याकाळचा तास कुणाचा?

मध्यंतरी संघटनांच्या एका बैठकीत ओळखी करून देताना मी म्हटले, ‘‘सध्या आश्रमशाळेतल्या मुलींचा फुटबॉल घेते.’’ शेजारी बसलेली एक जुनी मैत्रीण हसून म्हणाली, ‘‘तुमच्या जिल्ह्यातले बाकीचे प्रश्न संपले वाटतं!’’ तिने ते प्रेमानेच म्हटले होते. पण परतीच्या प्रवासात वडसा येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात फिरत राहिले. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात दारू आहे, कुपोषण आहे, मलेरिया आहे, बाळंतपणात दवाखान्यापर्यंत पोचू न शकणारी बाई आहे. मग चेंडू कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला आधी स्वतःलाच द्यायचे आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी काही खेळाडू नाही. समाजकार्यात एम. ए. केले तेव्हा अभ्यासक्रमात किशोरी होत्या, त्यांचे आरोग्य होते, पण त्यांचा खेळ कुठेच नव्हता. शाळेत असताना मी थोडीफार कबड्डी खेळले होते, तीही आठवीपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत आरोग्याच्या सत्रांसाठी जाऊ लागले तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. संध्याकाळी पाच वाजता मुलगे मैदानावर असत. मुली मात्र कुठे अंगण झाडताना, कुठे पाणी भरताना, तांदूळ निवडताना, नाहीतर लहान बहिणींच्या वेण्या घालताना दिसत. मुलींनी हे करावे असा नियम कुणी लिहिलेला नव्हता. मुख्याध्यापकांना विचारले तर ते मनापासून म्हणाले, ‘‘मैदान त्यांचंही आहे की मॅडम. त्यांना कुणी अडवलंय?’’

खरेच कुणी अडवले नव्हते. म्हणूनच ते कुणाला दिसत नव्हते.

मग आम्ही एक साधा उद्योग केला. दहा मुली आणि दहा मुलगे वेगवेगळे बसवले आणि पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंतचा त्यांचा दिवस मोठ्या कागदावर काढला. दोन्ही कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावले. मुलींच्या कागदावर उजेड असेपर्यंत एकही रिकामा चौकोन नव्हता. एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मग यायनं खेळावं कवा?’’ आमच्या फुटबॉलची सुरुवात या प्रश्नापासून झाली. चेंडू नंतर आला. आधी झाडू आणि बादलीची वाटणी झाली. आठवड्यातले तीन दिवस अंगण आणि पाणी मुलांकडे आणि मैदान मुलींकडे, हे ठरवून घ्यायला आम्हाला दीड महिना लागला. पुढे जे सामने झाले त्यांपेक्षा हा सामना अवघड होता.

नियम मी पुस्तकातून शिकले, आणि खरे सांगायचे तर निम्मे मुलांकडून शिकले. धान कापून झालेल्या बांधीत बांबू रोवून गोल केले. बूट मिळाले, पण ते मुलींच्या पायांना लागत, म्हणून पहिले कित्येक महिने त्या अनवाणीच खेळल्या. अकराजणी कधीच जमत नसत. मोहाच्या दिवसांत निम्म्या घरी, तेंदूपत्त्याच्या दिवसांत सगळ्याच. सात-सात जणींचा खेळ हाच आमचा नेहमीचा खेळ झाला.

आता माझ्या चुकीबद्दल. नववीतली एक मुलगी होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. सुरुवातीला सगळ्यांत पुढे असायची. मग दोन फेऱ्या मारल्या की बसून राहू लागली. ‘‘ताई, पाय दुखते जी.’’ मी समजावले, मग चिडवले, आणि एक दिवस सगळ्यांसमोर ‘‘आळशी’’ म्हटले. ती उठली, उन्हात धावली आणि रात्री सांधे धरून रडत राहिली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेल्यावर रक्त तपासले तेव्हा कळले, तिला सिकलसेल होता. वाहक नव्हे, प्रत्यक्ष आजार. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला की होतो तो.

सिकलसेल आमच्या भागात नवा नाही. मी स्वतः त्यावर गावोगाव तक्ते घेऊन बोलले आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, शरीरातले पाणी कमी झाले, अति श्रम झाले, थंडी किंवा ताप आला की त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात, हे सगळे मला पाठ होते. आणि तरी मैदानावर उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून ‘आळशी’ हाच शब्द आला. दुखते म्हणणाऱ्या बाईवर विश्वास न ठेवण्याची सवय केवळ पुरुषांनाच असते असे नाही. हातात शिट्टी आली की ती आपल्यालाही लागते. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तपासण्या वाढल्या. पण तपासणीचा कागद फायलीत आणि मुलगी मैदानावर, या दोघांची गाठ कुणी घालायची? तेव्हापासून आमचा क्रम बदलला. आधी रक्ताची तपासणी, मग पाण्याची बादली आणि पेला, मग चेंडू. ‘दुखते’ म्हटले की बाहेर, आणि त्यावर एकही प्रश्न नाही.

कपड्यांचा वाद झालाच. हाफपँट घालून मुली खेळणार म्हटल्यावर विरोध पालकांकडून येईल असे मी धरून चालले होते. तो आला शाळेतून. ‘‘आदिवासी समाजाला हे चालणार नाही’’, असे आम्हाला सांगणारे बहुतेक जण बाहेरून आलेले होते. माडिया बायकांचे जुने लुगडे गुडघ्यापर्यंतचेच. मोहाखाली वाकण्याला, झाडावर चढण्याला, मैलोगणती चालण्याला सोयीचे. रेला नाचताना रात्रभर पाय थांबत नाहीत. एका मुलीची आजी मैदानाच्या कडेला बसून खेळ बघत होती. तिला नातीच्या पायांचे काहीच वाटले नाही. तिचा प्रश्न एवढाच होता की एका चेंडूमागे इतक्या पोरी का धावतात, प्रत्येकीला एकेक का देत नाही! अंग चोरून चालायला या मुलींना आपल्या शाळांनी शिकवले आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.

म्हणून तिकडचे सगळे मोकळे आणि आपलेच सगळे बंदिस्त, असेही मी म्हणणार नाही. पाळीच्या दिवसांत कुर्माघरात बसावे लागते ते तिकडेच. पावसाळ्यात गळणारी ती झोपडी मी पाहिली आहे. पण तिथे बसलेल्या बायकांनी मला हेही सांगितले आहे की वर्षभरात विसावा मिळतो तो याच दिवसांत. विसाव्यासाठी बाईला विटाळ सोसावा लागतो, हे दुखणे आहे. आमच्या संघात पाळीच्या दिवशी खेळायचे की नाही ते जिचे तिने ठरवायचे. काही खेळतात, काही बसतात. ‘नाही’ म्हणायला कारण द्यावे लागत नाही, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवले ते इथे.

स्पर्धांबद्दल थोडेसे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. सुब्रतो चषक ही शाळांची देशपातळीवरची स्पर्धा १९६० पासून चालू आहे; तिच्यात मुलींना जागा मिळाली २०१२ मध्ये. आमच्या मुली पहिल्यांदा स्पर्धेला गेल्या तेव्हा समोर संघच नव्हता. त्यांना ‘पुढे चाल’ मिळाली. दोन तास जीपमधून हादरे खात आलेल्या मुली न खेळता जिंकल्या आणि हिरमुसून बसल्या. पुढच्या फेरीत सहा गोल खाऊन हरल्या, आणि परतताना जीपमध्ये गाणी म्हणत होत्या. न खेळता मिळालेल्या विजयापेक्षा खेळून झालेला पराभव बरा, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

ही अडवणूक आपल्याकडचीच नाही. १९२० साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर बायकांचा फुटबॉल बघायला ५३ हजार लोक जमले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही म्हणून आपल्या मैदानांची दारे त्यांना बंद केली. ती बंदी उठायला १९७१ उजाडले. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना कायद्यानेच हा खेळ मना होता. पुरुषांचा विश्वचषक १९३० चा, स्त्रियांचा १९९१ चा. बायका खेळत नव्हत्या म्हणून मागे राहिल्या, असे कुणी म्हटले तर हे सांगावे.

मुलींना बाहेरगावी नेताना माझी झोप उडते ती वेगळ्याच कारणाने. बहुतेक शाळांत क्रीडाशिक्षिकाच नसते. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या तयारीत असतानाच त्यांच्या सहप्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या कारणावरून दूर करावे लागले. २०२३ मध्ये देशासाठी पदके आणणाऱ्या कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरवर बसावे लागले. ज्यांचे नाव देशाला ठाऊक आहे त्यांची ही गत, तर वसतिगृहातल्या तेरा वर्षांच्या माडिया मुलीने कुणाला सांगायचे? कुठल्या भाषेत सांगायचे? २०१२ चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा आहे, पण तो तिच्यापर्यंत पोचवणारी बाई मैदानावर हवी. मात्र या भीतीपोटी ‘मुलींना नेऊच नका’ म्हणणे म्हणजे पुन्हा शिक्षा मुलींनाच.

‘‘बॉल खेळून पोरीले का भेटते?’’ हा प्रश्न वडील विचारतात आणि निधी देणारेही विचारतात. दोघांसाठी तयार उत्तरे आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टवर पोचली, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उराँव २०२२ च्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती. या मुलींचा मला अभिमान आहे. त्यांची चित्रे आमच्या भिंतीवर आहेत. पण मी ही उत्तरे देणे हळूहळू सोडले आहे. शिखरावर एक मुलगी पोचते तेव्हा खालच्या शेकडो जणींच्या हातातला झाडू आपोआप सुटत नाही. मुलांना खेळू देताना आपण कधी विचारतो का, याने काय मिळणार? त्यांना खेळ मिळतो कारण ते मुलगे आहेत. मुलींना मात्र पदक आणण्याच्या बोलीवर.

आणि फुटबॉलने बालविवाह थांबतो, असा दावाही मी करणार नाही. प्रकल्पाच्या अहवालात तसे लिहायचा मोह होतो. आमची सगळ्यांत चपळ मुलगी दहावीच्या परीक्षेनंतर तेंदूपत्त्याला घरी गेली ती परत आली नाही. जूनमध्ये कळले, लग्न झाले. मी तिच्या गावी गेले. ती चुलीपाशी होती. तिने विचारले, ‘‘माझ्या जागी कोण खेळते ताई?’’ मला काही बोलता आले नाही. चेंडूच्या जोरावर मी तिला वाचवू शकले नाही. पण तिला एक जागा होती आणि ती जागा आपली होती, हे तिला माहीत आहे. हे थोडे आहे, हे मला कळते. ते काहीच नाही, असे मात्र मला वाटत नाही.

मैत्रिणींनो, १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून, आणि त्यात बायका पुढे होत्या. मागणी कशी लावून धरायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग शाळेच्या बाबतीत आपण मैदानापाशी का थांबतो? शिक्षण हक्क कायद्यात मैदान आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्यात असेही त्यात आहे. त्या समितीत बसलेल्या आपल्या बायांनी पुढच्या सभेत चार गोष्टी विचाराव्यात : संध्याकाळी पाच वाजता मुली कुठे असतात? झाडू कुणाच्या हातात असतो? मुलींना खेळवणारी बाई आहे का? तिच्याकडे मुलींच्या रक्ततपासणीचे कागद आहेत का? आणि वनहक्कातून ज्या ग्रामसभांच्या हाती बांबूचा, तेंदूचा पैसा येतो, तिथे एक चेंडू आणि दोन जाळ्या मागायला काय हरकत आहे?

ती नववीतली मुलगी आता अकरावीत आहे. डॉक्टरांनी जड धावपळ मना केली आहे, पण ती संध्याकाळी मैदानावर असते. शिट्टी तिच्याकडे असते. कुणाला केव्हा बाहेर बसवायचे, पाणी केव्हा प्यायचे, ते ती ठरवते. परवा मीच धावून धापा टाकायला लागले तेव्हा तिने शिट्टी वाजवली आणि मला बाहेर काढले. ‘‘बसा जी ताई’’, म्हणाली. मी बसले, कारण न देता.