स्वार्थं परार्थं च

विवेकनिष्ठ स्वार्थाचे तत्त्वज्ञान मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेले नाही. आयन रँड (1905–1982) यांच्या 'द फाउंटनहेड' (1943) आणि 'अ‍ॅटलस श्रग्ड' (1957) या कादंबऱ्या मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादांतून मराठीत आल्या आहेत. त्यापूर्वीही अनेक तरुणांनी त्या इंग्रजीत वाचून रात्री जागवल्या होत्या. आमच्या समीक्षेने मात्र या विचाराची दखल घेतली ती नाक मुरडण्यापुरती. 'भांडवलशाहीची वकिली' असा शिक्का मारला की कर्तव्य संपले, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. ज्या विचाराने इतक्या बुद्धिमान माणसांना मोहवले, त्याच्याशी तो जिथे सर्वांत भक्कम आहे तिथेच भिडले पाहिजे.

त्याची भक्कम बाजू अशी : रँड यांच्या लेखी स्वार्थ म्हणजे लहर नव्हे आणि लूटही नव्हे. प्रत्येक मनुष्य स्वतःच साध्य आहे. त्याने दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये आणि स्वतःसाठी दुसऱ्याचाही घेऊ नये. बळाचा वापर प्रथम करणारा तो अपराधी. ज्या समाजाने त्यागाच्या नावाखाली विधवांना आणि सुनांना पिढ्यान्‌पिढ्या राबवले आणि त्यांची संमती कधी विचारली नाही, त्या समाजात हे बोल कठोर असले तरी आवश्यक आहेत. या मुद्द्यावर माझा रँडवाद्यांशी वाद नाही.

वाद पुढे आहे, आणि तो मराठीत नवाही नाही. 'गीतारहस्या'त (1915) टिळकांनी आधिभौतिक सुखवादाचे प्रकरण लिहिताना चार्वाकाच्या उघड्या स्वार्थापासून हॉब्ज आणि हेल्व्हेशियस यांच्या दूरदर्शी स्वार्थापर्यंत आणि तेथून बहुतांच्या हितापर्यंत एकेक पायरी तपासली आहे. सगळे काही आत्म्यासाठीच प्रिय असते, हे याज्ञवल्क्याने मैत्रेयीला सांगितले होते याचीही ते आठवण देतात. आरंभबिंदू तोच, मात्र 'आत्मा' म्हणजे किती, या प्रश्नापाशी वाटा फुटतात. रँडवर हिरिरीने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे प्रकरण उघडल्याचे सहसा दिसत नाही, हे आपल्या वैचारिक दारिद्र्याचेच लक्षण होय.

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा तो मी तंजावरला नेऊ इच्छितो. तिथे एका मराठी राजावर अशी वेळ आली होती की त्याचा विवेकनिष्ठ स्वार्थ जवळजवळ गणिताने मांडता येतो.

सरफोजी दुसरे 1798 साली गादीवर आले ते कंपनीच्या निवाड्याने. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरले तंजावरचा किल्ला व लगतचा परिसर, वार्षिक एक लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. वय विशीच्या आसपास. सैन्य नाही, प्रजा नाही, कोणाला उत्तर देणे नाही. अशा माणसाचे हित कशात? तनखा सांभाळावा, रेसिडेंटाची मर्जी राखावी, उरलेले आयुष्य सुखात घालवावे. हा हिशेब सरफोजींना कळत नव्हता असे कोणी म्हणू नये. नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ समुद्रकाठी उभारलेला मनोरा (1814) हा त्याच हिशेबाचा पुरावा आहे. त्यांच्या साऱ्या कृतींत दूरदर्शी स्वार्थाला सर्वांत चपखल बसणारी कृती हीच, आणि तंजावरचे काहीही अडले नसते अशी कृतीही हीच.

त्यांच्या बाकीच्या उद्योगांचे काय करायचे? 1801 साली त्यांनी रेसिडेंट टोरिन यांना छत्रांसंबंधी पत्र लिहिले. रामेश्वराच्या वाटेवरील या अन्नछत्रांत ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांवर उपचार होतात, हे सांगून तो धर्म खंडित होऊ नये अशी त्यांची विनवणी होती. नुकतेच राज्य गेलेला माणूस परक्या सत्तेपुढे शब्द खर्च करतो तो आपण कधी पाहणार नाही अशा यात्रेकरूंसाठी. धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांची टिपणे आजही सरस्वती महालात आहेत : रुग्णाचे नाव, लक्षणे, उपाय आणि डोळ्याचे रंगीत चित्र. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांच्या छापखान्यातून सख्खण पंडितांचे 'बालबोध मुक्तावली' देवनागरीत बाहेर पडले. ते होते इसापनीतीचे भाषांतर. व्यवहारी शहाणपणाची ही जगन्मान्य पहिली पोथी मुलांच्या हाती देणारा राजा स्वतः मात्र कोल्ह्याच्या हिशेबाने वागला नाही, ही गंमत मला पुनःपुन्हा मोहवते.

यावर उत्तर ठरलेले असते : ग्रंथ जमवण्यात त्यांना आनंद होता, म्हणून तोही स्वार्थच. हे उत्तर देणाऱ्यांनी निदान आपल्या गुरूचे ग्रंथ वाचावेत. 'द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस' (1964) या संग्रहातच, प्रत्येक कृती स्वार्थीच असते हा युक्तिवाद गोंधळाचा म्हणून फेटाळलेला आहे. आणि तो योग्यच फेटाळला आहे. सगळेच स्वार्थ असेल तर त्या शब्दाने कशालाच कशापासून वेगळे करता येत नाही. मग मूळ सिद्धान्ताकडे यावे लागते. तो सांगतो की अनोळखी माणसाला मदत करण्यास हरकत नाही, पण ते कर्तव्य नव्हे आणि प्रमुख सद्गुणही नव्हे. सरफोजींच्या पत्रात छत्रे नेमकी कर्तव्याच्या जागी आहेत. तेव्हा एक तर तो राजा अविवेकी होता, किंवा सिद्धान्ताचे 'हित' तोकडे आहे. मधली वाट मला दिसत नाही.

प्रतिपक्षाचा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला बोचतो. पैसा कोणाचा? दान राजाचे, पण धान्य कावेरीकाठच्या शेतांचे. जो महसूल द्यायला नकार देता येत नाही त्यातून केलेल्या औदार्याचे पोवाडे का गावेत? हा आक्षेप मी नाकारत नाही. सरस्वती महालाचे गोडवे गाताना आपण मराठी लोक तो सोयीस्करपणे विसरतो. पण आक्षेप घेणाऱ्यांनीही तो पुरता न्यावा. मिरासदाराकडून कर घेतला हे त्यांना दिसते. मिरासदाराच्या शेतात पिढीजात बांधलेला पन्नैयाळ त्यांच्या जमाखर्चात कुठे येतो? आणि इथला 'निर्माता' तरी कोण? रँड यांचा नायक एकटा वास्तुशिल्पी आहे; आपल्या आराखड्यात परस्पर फेरफार झाला म्हणून तो इमारत सुरुंगाने उडवतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचा एक दाणाही असा एकट्याचा नसतो. कल्लणैचा बंधारा चोळांच्या काळचा. पाटांचा गाळ काढायचा तो गावाने मिळून. वरच्या शेताने पाणी अडवले तर शेवटचे शेत वाळते. तिथे 'माझे' हा शब्द खोटा नाही, पण तो इतरांच्या श्रमात खोलवर रुतलेला आहे.

खासगी मालमत्तेच्या पावित्र्याचा कस लागला तोही इथेच. 1855 मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले तेव्हा कंपनीने राज्याबरोबर राजाची खासगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या न्यायालयात जिंकल्या. 1859 साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला, कारण सार्वभौम सत्तेच्या अशा कृतीवर न्यायालयाचा अधिकार चालत नाही. 1862 मध्ये मालमत्ता परत मिळाली ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. रँडवादी म्हणतील की ही तर बळजबरी, आमच्या तत्त्वाने निषिद्धच. मान्य. पण कंपनी हा भागधारकांच्या नफ्यासाठी निघालेला उद्योग होता. आपल्या हिताचा विवेकाने पाठपुरावा करणाऱ्याच्या हाती एकदा बळ आले की त्याने थांबावे कशासाठी, याचे उत्तर केवळ त्याच्याच हितातून निघत नाही. समोरच्याचे माणूसपण आधी मानावे लागते, आणि ते मानण्याचा लाभ दर वेळी पदरात पडतोच असे नाही.

सरस्वती महाल 1918 साली सर्वांसाठी खुला झाला. तिथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. त्यांचे लेखनिक पगारी होते, नावाचे लोभीही असतील. स्वतः सरफोजी आपल्या ग्रंथांवर इंग्रजीत सही करीत, आणि राज्य गेल्यावर त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरवून घेतला (1803). यात निःस्वार्थाचा देव्हारा मला मांडायचा नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाच्या हातचे तीन शब्द अनेकदा आढळतात : स्वार्थं परार्थं च. पोथी स्वतःसाठी उतरवली आणि दुसऱ्यासाठीही. लिहिणाऱ्याला या दोहोंपैकी एक निवडण्याची गरज वाटली नव्हती. ती गरज नव्याने कुठून उत्पन्न झाली, हे विवेकनिष्ठ स्वार्थाच्या मराठी पुरस्कर्त्यांनी एकदा सांगावे.