नळ मोजले, पाणी कोण भरतं?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. त्या पैशाने काय बदलले हे तपासण्याची सक्ती २०२१ मध्ये आली, तीही फक्त सरासरी १० कोटी वा अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांच्या, १ कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांना. तपासणारी संस्था ‘स्वतंत्र’ हवी. तिला नेमते कंपनी, बिलही भरते कंपनीच!

मूल्यमापनात जात नोंदवण्याची सक्ती मात्र नाही. कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये मागास गटांची विषमता कमी करणे हे काम आहे. मग मोजताना अख्खे गाव एकच कसे होते? नळ देवळासमोर बसला, की अहवालात वेशीबाहेरची वस्तीही ‘लाभार्थी’. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्येच कागदावर सर्वांना खुले केले होते. बाबासाहेबांना १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

शौचालये किती बांधली ते छापतात. सेप्टिक टाकी भरल्यावर आत कोण उतरतो, हे कोण विचारणार? हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदाही २०१३ चाच.

हे अहवाल आज संचालक मंडळापुढे जातात. त्याआधी ते वस्तीत, तिथल्या भाषेत, मोठ्याने वाचले जावेत आणि तिथल्या बायांचे आक्षेप त्यांना जोडले जावेत, ही आमची मागणी आहे.