कात्री कोणाच्या सोयीची?

पहिलटकरणीला कात्री लागायचीच, हे आपल्याकडच्या अनेक प्रसूतिगृहांत इतके गृहीत धरलेले असते की तिला विचारावे, निदान सांगावे, असेही कोणाला वाटत नाही. मूल बाहेर येताना योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधला भाग कापायचा आणि मागाहून शिवायचा, याला वैद्यक एपिझिओटॉमी म्हणते. बायका नुसते ‘टाके पडले’ म्हणतात. जणू ते आपोआप पडतात!

समर्थन असे केले जाते की, सरळ छेद घेतला म्हणजे वेडीवाकडी मोठी जखम टळते. पुराव्यापुढे हा युक्तिवाद टिकलेला नाही. अर्जेंटिनात २,६०६ स्त्रियांचा अभ्यास होऊन १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. एका गटात सर्रास छेद, दुसऱ्यात गरजेपुरताच. गंभीर जखमांचे प्रमाण पहिल्या गटात १.५ टक्के, तर दुसऱ्यात १.२ टक्के. पुढल्या बाजूच्या जखमा दुसऱ्या गटात अधिक झाल्या, हेही सांगितले पाहिजे. परंतु टाके, वेदना आणि जखम भरण्यातल्या अडचणी कमी झाल्या. सर्रास छेद घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट बजावले. बाळाचा जीव धोक्यात असेल, चिमटा लावावा लागत असेल, तर डॉक्टरने जरूर कात्री घ्यावी. आमचे भांडण सर्रासपणाशी आहे.

जखम टाळण्याचे उपाय तरी कोणते? गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याचा शेक, बोटांनी हलके मर्दन, डोके बाहेर येताना हाताचा आधार, बाईला सोसेल त्या स्थितीत कळा देऊ देणे, आणि पोटावर दाब मुळीच न देणे. यात परदेशी यंत्र एकही नाही. लागते ते एवढेच, की शिकलेले एक माणूस तिच्याजवळ शेवटपर्यंत थांबले पाहिजे.

आणि नेमके तेच माणूस सरकारला महाग वाटते! एक परिचारिका, तीन अडलेल्या बाया, टेबल रिकामे होण्याची वाट पाहणारी चौथी. अशा ठिकाणी कात्री वेळ वाचवते. तो वाचलेला वेळ बाई आपल्या देहाने फेडते. परिचारिकेला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. रिक्त पदे न भरणारे मात्र त्या खोलीत कधी दिसत नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यात ही फेड अधिक जड आहे. पुष्कळ घरांतला कर्ता पुरुष मुंबईत. घर, गुरे, भातलावणी बाईच्या अंगावर. टाके ओले असताना तिला घाटी चढायची असते, उकिडवे बसायचे असते. जखम गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली तर वारा, प्रसंगी मलही आवरत नाही. ही गोष्ट ती सासूला सांगत नाही, नवऱ्याला तर नाहीच. सांगितलीच, तरी मंडणगडहून जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर.

काही साथी म्हणतील, हा डॉक्टरांचा विषय, यात पक्षाने कशाला पडावे? त्यांनी आठवावे, की १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू डॉ. आंबेडकरांनी घेतली होती. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यातले. बाळंतपणाचा भार समाजाने उचलावा, हे १९२९च्या त्या कायद्याने मान्य केले. प्रसूतीच्या टेबलावर मात्र तो भार अजून एकट्या बाईचाच आहे.

केंद्र सरकारने २०१७ साली ‘लक्ष्य’ योजना आणून प्रसूतिगृहांत सन्मानाची वागणूक मिळावी असे म्हटले. २०१८ साली स्वतंत्र प्रसविका-परिचारिका तयार करण्याचे धोरणही जाहीर केले. तेव्हा तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी रुग्ण कल्याण समितीपुढे लेखी विचारावे: गेल्या वर्षी किती पहिलटकरणींना छेद घेतला, कोणत्या कारणासाठी, संमती नोंदली का, प्रशिक्षित प्रसविका किती नेमल्या, आणि सोबतीला आई वा बहीण आत येऊ दिली जाते का? बाळाला पाहायला घरी येणाऱ्या आशा ताईंनी आईच्या टाक्यांचीही चौकशी करावी, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा, हेही त्याच अर्जात लिहावे. अर्जावर पहिल्या सह्या बायकांच्या असाव्यात.