रूपकाची सोय

२०२४ च्या मे महिन्यात जेनी एर्पेनबेक यांच्या 'कायरोस' या कादंबरीस आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले आणि तिचा एक अन्वयार्थ पाहता पाहता सर्वमान्य होऊन बसला. कादंबरीतील हान्स हा प्रौढ लेखक म्हणजे पूर्व जर्मनीची राजवट; एकोणीस वर्षांची काथारीना म्हणजे तिच्यावर भाबडा विश्वास ठेवणारी प्रजा; आणि त्यांच्या प्रेमाची विटंबना म्हणजे त्या राज्याचा अंत. हे समीकरण सुटसुटीत आहे. ते वर्गात शिकवण्यास सोपे, उत्तरपत्रिकेत लिहिण्यास त्याहून सोपे. परंतु सोपेपणा हा अन्वयार्थाचा गुण मानावयाचा तर समीक्षेची गरजच उरत नाही. या समीकरणाने एका समर्थ कादंबरीचे जे नुकसान केले आहे, ते तिच्याकडे झालेल्या दुर्लक्षाने केलेल्या नुकसानीपेक्षा लहान नाही.

दुर्लक्षही झालेच होते. २०२१ साली जर्मनीत 'कायरोस' प्रसिद्ध झाली तेव्हा त्या वर्षीच्या जर्मन पुस्तक पारितोषिकासाठी निवडलेल्या वीस पुस्तकांच्या पहिल्या यादीतही तिला स्थान मिळाले नाही. मायकेल होफमान यांचा इंग्रजी अनुवाद २०२३ मध्ये आला, आणि मग मायदेशालाही आपल्या लेखिकेची नव्याने ओळख पटू लागली. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेत समाधि' या गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीचे नाव बहुसंख्य भारतीयांनी ऐकले ते २०२२ मध्ये, तिच्या इंग्रजी अनुवादाला हेच पारितोषिक मिळाल्यावर. पण एर्पेनबेक यांच्या बाबतीत घरचे मौन आणि बाहेरचा गौरव यांचे मूळ एकच आहे. दोन्हीकडे त्यांना आधी 'पूर्वेकडील लेखिका' ठरवले गेले आणि वाचन नंतर झाले. घरी त्या शिक्क्याचा अर्थ 'तोच तो विषय' असा लागला, बाहेर 'इतिहासाची साक्ष' असा.

शिक्का निराधार आहे असे म्हणता येणार नाही. १९६७ साली पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेल्या एर्पेनबेक ज्या घरात वाढल्या ते घर त्या राज्याच्या स्वप्नाशी निगडित होते. आजोबा फ्रिट्स एर्पेनबेक आणि आजी हेडा त्सिनर हे दोघेही कम्युनिस्ट लेखक. हिटलरच्या काळात सोव्हिएत संघात आश्रयाला गेलेले आणि युद्धानंतर नवे जर्मनी उभारण्यास परतलेले. वडील योन एर्पेनबेक भौतिकशास्त्रज्ञ, तत्त्वचिंतक आणि लेखक. आई डोरिस किलिआस अरबीतून जर्मनमध्ये नगीब महफूझ आणणाऱ्या अनुवादिका. मुलीने मात्र प्रथम पुस्तकबांधणीचे शिक्षण घेतले, मग संगीतनाट्याच्या दिग्दर्शनाचे, आणि ऑपेरा बसवल्या. पहिले पुस्तक आले ते १९९९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. चरित्रातील या दोन विद्यांकडे, बांधणी आणि संगीतरचना यांकडे, रूपकवादी समीक्षकांनी पाहिले असते तर त्यांना कादंबऱ्यांची किल्ली राजकीय भूगोलाबाहेर सापडली असती.

२००८ मधील 'हाइमसूखुंग' हेच पाहावे. बर्लिनजवळच्या सरोवराकाठचे एक घर आणि विसाव्या शतकात त्यात येऊन गेलेली माणसे एवढाच तिचा विषय. शेजारच्या ज्यू कुटुंबाची जमीन पडत्या किमतीत घेणारा वास्तुशिल्पी, त्याच कुटुंबातील मारली गेलेली लहान मुलगी, लाल सेनेचा तरुण अधिकारी, परागंदा होऊन परतलेली लेखिका, आणि या सर्वांच्या मधून ऋतूंप्रमाणे फिरत राहणारा अबोल माळी. या शब्दाचा रूढ अर्थ अरिष्ट किंवा अनिष्टाचे आगमन. पण त्यात 'हाइम' म्हणजे घर आणि 'सूखन' म्हणजे शोधणे हेही ऐकू येते. मराठीतील 'घरघर' या शब्दात घर आणि अखेरचा श्वास असेच योगायोगाने शेजारी येतात. एकीकरणानंतर मालकीहक्काच्या दाव्यात घर गमावलेली नात ते पाडले जाण्यापूर्वी त्याची साफसफाई करते. या प्रसंगात कोणती राजवट कोणाचे प्रतीक आहे, हा प्रश्न विचारणाऱ्याने कादंबरी वाचलेलीच नाही. येथे वाचावयाचे आहे ते झाडलोट करणारे हात.

'आलर टागे आबेंट' (२०१२) मध्ये एकच स्त्री पाच वेळा मरते. गॅलिशियात तान्हेपणी, व्हिएन्नात तारुण्यात, मग स्टालिनच्या रशियात, पूर्व बर्लिनमध्ये आणि शेवटी वृद्धाश्रमात. प्रत्येक मृत्यूनंतर लेखिका 'असे घडले नसते तर' म्हणून कथेला पुन्हा वाट करून देते. तान्ह्या मुलीच्या अंगाला वेळीच मूठभर बर्फ लावला असता तर ती जगली असती, आणि ती जगल्यामुळे पुढचे सारे शतक तिला भोगावे लागले असते. मूठभर बर्फाला इतिहासाइतके वजन देणारी ही दृष्टी रूपकाच्या मुळावरच येते. रूपकात तपशील अर्थाची चाकरी करतो. येथे अर्थच तपशिलाच्या दयेवर आहे.

आता 'कायरोस'. ११ जुलै १९८६ रोजी बसमध्ये झालेली भेट, हान्सचे त्रेपन्न वर्षांचे वय, त्याची पत्नी, मुलगा, आकाशवाणीसाठीचे त्याचे लेखन हे सर्व काटेकोरपणे नोंदलेले आहे. काथारीना फ्रांकफुर्ट आन डेर ओडर येथील नाट्यगृहात काम करत असताना एका सहकाऱ्याबरोबर रात्र घालवते आणि ते हान्सला कळते. मग तो ध्वनिफितींवर तिची आरोपपत्रे मुद्रित करतो. तिने त्या ऐकून लेखी उत्तरे द्यावयाची. हान्स म्हणजे राज्य असे म्हटले की ही क्रूरता परिचित आणि जवळजवळ अपेक्षित वाटू लागते. हाच त्या अन्वयार्थाचा खरा दोष. त्यामुळे हान्स नावाचा पुरुष सुटतो. बालपण नाझींच्या शाळेत गेलेला, पुढे फॅसिझमविरोध विचारपूर्वक स्वीकारणारा, संगीत आणि साहित्य यांत आकंठ बुडालेला हा सुसंस्कृत माणूस एका मुलीची अशी उलटतपासणी कसा घेतो? या प्रश्नाला 'राजवटीमुळे' हे उत्तर पुरत नाही. असे पुरुष कलोनमध्ये आणि लंडनमध्येही असतात.

या समीकरणातून आणखी एक जण सुटतो, तो म्हणजे पश्चिमेकडील वाचक. मृत राज्याचा पंचनामा वाचताना त्याला स्वतःकडे पाहावे लागत नाही. वास्तविक कादंबरीच्या उत्तरार्धात हान्सचे आकाशवाणीचे जग बंद पडते, माणसे कामावरून निघतात, ओळखीच्या वस्तू बाजारातून नाहीशा होतात. आणि कलोनला गेलेल्या काथारीनाला तेथील भिकारीही दिसतात. या पानांना काही समीक्षकांनी 'ओस्टाल्गी', म्हणजे पूर्वेविषयीची स्मरणविव्हलता, म्हटले. हरवलेल्या गोष्टीची नोंद करणे आणि ती परत मागणे यांत फरक न करणाऱ्यांनी इतिहासविषयक कादंबरीवर लिहूच नये.

लेखिकेचीही यात थोडी जबाबदारी आहे. उपसंहारात काथारीना हान्सची गुप्त पोलिसांकडील फाइल वाचते आणि तो त्यांचा खबऱ्या होता हे उघड होते. कादंबरीतील सर्वांत दुर्बळ पाने हीच. शेकडो पाने जे अनिश्चित ठेवून जिवंत राखले, त्यावर येथे दप्तरी शिक्का बसतो, आणि रूपकवाद्यांना हवा असलेला पुरावा आयता हाती पडतो.

तरीही या पुराव्याआधी, अगदी प्रारंभी, लेखिकेने एक गोष्ट ठेवून दिलेली आहे. हान्सच्या मृत्यूनंतर काथारीनाच्या घरी कागदपत्रांची दोन खोकी येतात आणि कादंबरीचे दोन भाग त्या खोक्यांचेच आहेत. परंतु काथारीनापाशी स्वतःची एक सूटकेसही आहे. तीत पत्रे आहेत, आठवणींच्या वस्तू आहेत, आणि कार्बन लावून काढलेल्या प्रतीही आहेत. आरोपीनेही आपले दप्तर जपून ठेवले होते. भाबड्या प्रजेच्या रूपकात त्या सूटकेसला जागा नाही.