‘आयडेंटिकल’ म्हणजे नुसतं ‘सारखा’ नव्हे!

मिरा-भाईंदरच्या कुठल्याही वर्गात ‘सेम टू सेम’ हे शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतात. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या गुजराती, कोणाच्या हिंदी. पण ‘सेम टू सेम’ मात्र सगळ्यांचं एकच! मग ‘आयडेंटिकल’ शब्द आला की मुलं बेधडक ‘सारखा’ असा अर्थ लिहून मोकळी होतात. माझ्या मते हा अर्थ अपुरा आहे.

अर्थ : ‘आयडेंटिकल’ हे विशेषण आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘तोच’. ‘आयडेंटिटी’ हा शब्दही त्याच मुळातला. ओळखपत्र दाखवताना आपण ‘मी तोच’ हेच तर सांगतो! रोजच्या वापरात मात्र ‘आयडेंटिकल’ म्हणजे तंतोतंत सारखा, हुबेहूब.

वापर : ‘दिस इज द सेम बॉटल’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. हरवलेली बाटली सापडली, तर ‘ही तीच बाटली’. मैत्रिणीनेही तसली विकत घेतली, तर ‘ही तशीच बाटली’. मराठीत ‘तीच’ आणि ‘तशीच’ असा फरक लगेच कळतो. दोन वेगळ्या बाटल्यांत काहीच फरक नसेल, तर त्या ‘आयडेंटिकल’.

हे लक्षात ठेवा :
• ‘सिमिलर’ म्हणजे मिळताजुळता. दहावीच्या भूमितीत समरूप त्रिकोणांचा आकार सारखा असतो, माप वेगळं असू शकतं. आकार आणि माप दोन्ही जुळले, तर ते एकरूप.
• ‘इक्वल’ म्हणजे समान. दहाची दोन नाणी आणि वीसची एक नोट किमतीने समान, पण ‘आयडेंटिकल’ नाहीत.
• ‘व्हेरी आयडेंटिकल’ लिहू नका. ‘ऑलमोस्ट आयडेंटिकल’ चालतं.

आता थोडं आम्हा शिक्षकांसाठी. संविधानाचं कलम 14 कायद्यापुढे समानता देतं. सगळे एकसारखे आहेत, असं ते म्हणत नाही. एका बीजापासून झालेल्या जुळ्यांना ‘आयडेंटिकल ट्विन्स’ म्हणतात, पण त्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात. मग पन्नास मुलांचा वर्ग एकसारखा कसा असेल? 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आपल्या शहरात एकाच बाकावर घरी मराठी बोलणारं मूल असतं आणि मराठी पहिल्यांदा शाळेतच ऐकणारं मूलही असतं. दोघांना हुबेहूब एकच धडा, एकाच वेगाने शिकवला की आपल्याला वाटतं, न्याय झाला. प्रत्यक्षात एक जण कंटाळतो आणि दुसरा मागे पडतो. शिकवणं ‘आयडेंटिकल’ झालं, संधी ‘इक्वल’ झाली नाही.

म्हणून शब्दार्थाच्या वहीत ‘सेम’, ‘सिमिलर’, ‘इक्वल’, ‘आयडेंटिकल’ या चौघांसमोर एकच ‘सारखा’ लिहू नका. तोच, मिळताजुळता, समान, हुबेहूब असे चार वेगळे शब्द लिहा. मराठीत ते आहेत, तर वापरू या की!